पहिला व्हॉल्व्ह ॲम्प घ्यायचाय. स्पीकर ८६ डीबीचे, खोली १२ बाय १४, मुक्काम सांगली

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

घरात वडिलांच्या दोनेकशे एलपी आहेत. ख्याल, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. दोन वर्षांपूर्वी टर्नटेबल घेतला आणि त्या पुन्हा वाजायला लागल्या. स्पीकर बुकशेल्फ आहेत, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी लिहिलीय. सध्या ट्रान्झिस्टरचा साधा ॲम्प आहे. खोलीत एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खाली फरशी. पलीकडच्या खोलीत आई झोपते, त्यामुळे रात्री आवाज बेताचाच.

व्हॉल्व्हची ओढ लहानपणापासूनची. आजोळी तासगावला व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खटका फिरवला की आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून लालसर उजेड दिसायचा, मग अर्ध्या मिनिटानं आवाज हळूहळू वर यायचा. तो आवाज कानात बसलाय. गेल्या महिन्यात पुण्यात एका मित्राकडे ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड (दर स्पीकरला एकच आउटपुट व्हॉल्व्ह) ॲम्प ऐकला. गळा इतका जवळ वाटला की रात्री झोप लागेना.

बजेट ६०,०००. डोळ्यासमोर तीन आहेत. एक, ३००बीचाच ॲम्प, ८ वॅट, वापरलेला. मालकानं परदेशातून आणलेला, मागे २२० व्होल्ट लिहिलंय. दोन, ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल (दर स्पीकरला व्हॉल्व्हची जोडी), ३५ वॅट. तीन, अगदी छोटा, दोन बोटभर ट्यूबवाला (ट्यूब म्हणजे व्हॉल्व्हच), सात हजारात मिळतो. माझं मन पहिल्यावर आहे. घेऊ का?

हळदपेठ (सांगली)

३००बी म्हणजे ३००बी. मन आहे तर घेऊन टाका.

तंबोरा_मिरज

थांबा. मन असू द्या, पण आधी हिशेब करू.

८६ डीबी म्हणजे स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डीबी आवाज. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात. २ वॅटला ८९, ४ ला ९२, ८ ला ९५. तिथे तुमचा ३००बी संपला. तुम्ही आठ-नऊ फुटांवर बसणार, तिथे येईपर्यंत त्यातले काही डीबी जातात. आता कुणी म्हणेल ९५ पुष्कळ झालं, बेताच्याच आवाजात ऐकायचंय ना. आलापीला पुष्कळ आहे. पण तबल्याचा ठोका सरासरी आवाजाच्या १५ डीबी तरी वर उसळतो. ७८ ला गाणं लावलंत तर ठोका ९३ ला जातो, म्हणजे ॲम्प कडेला आला. व्हॉल्व्ह ॲम्प कडेला आला की ट्रान्झिस्टरसारखा फाटत नाही, ठोका नुसता बोथट होतो. त्यामुळे चूक लगेच कळत नाही, महिन्याभरानं कळते की द्रुत लावावंसंच वाटत नाही.

तुमच्या पुण्याच्या मित्राचे स्पीकर कोणते होते? ते ९२ डीबीचे असतील तर त्यांना तोच आवाज तुमच्या चौथाई वॅटांत मिळतो. तुमच्या ८ वॅटचं काम त्यांच्याकडे २ वॅट करतात. तुम्ही ॲम्प ऐकलात असं तुम्हाला वाटतंय, खरं तर जोडी ऐकलीत.

कृष्णाकाठ

मित्राला फोन केला. त्याचे स्पीकर ९४ डीबीचे निघाले, कमरेइतके उंच. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग ३५ वॅटचा ईएल३४ सरळ? आणि तो छोटा कसा आहे? फोटोत ट्यूब छान तांबूस दिसतात.

तंबोरा_मिरज

छोटा सोडा. अशा बहुतेकांत ट्यूब फक्त पुढच्या टप्प्याला असते, स्पीकर हलवायचं काम आयसी (चिप) करते. त्याला हायब्रिड म्हणतात. चांगले हायब्रिडही असतात, पण तुम्हाला जे ऐकू आलं ते आउटपुट व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्या मिळून आलं होतं, ते तिथे नाही. आणि उजेड नीट बघा. काही ठिकाणी ट्यूबच्या खाली एलईडी लावलेला असतो. खरा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) नळीच्या मधोमध, वरच्या आणि खालच्या टोकाला तांबडा दिसतो, सगळी काच उजळत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

मिरजकरांनी स्पीकरचं बरोबर सांगितलं. मी ट्रान्सफॉर्मरचं सांगतो, कारण माझी चाळीस वर्षं त्यातच गेली. आधी रेडिओ दुरुस्ती, मग सभेचे ॲम्प्लिफायर, आता हौस.

व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये पैसा कशाला जातो ते बघा. ईएल८४ ची जोडी दर दोन-तीन हजार तासांनी बदलता येते. कंडेन्सर बदलता येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकदा बसला की बसला. व्हॉल्व्हला साधारण ५००० ओहम बघायला हवेत आणि स्पीकर ८ ओहमचा. हे दोघं एकमेकांशी बोलणार ते त्या लोखंडातून. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) २५ वेढे तर सेकंडरीचा (स्पीकरकडच्या गुंडाळीचा) एक. हिशेब एवढा सोपा, म्हणूनच लोक फसतात. मीही फसलो.

सिंगल एंडेड ईएल८४ करत होतो. लॅमिनेशन (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) चांगलं आणलं, वेढे मोजून कागदावर दिले आणि मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात गुंडाळायला टाकलं. कारागीर हाताचा पक्का होता. त्यानं आधी सगळी प्रायमरी गुंडाळली, वर कागद, त्यावर सगळी सेकंडरी. पंपाच्या मोटारीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते बरोबरच वाटणार. लावून बघितलं तर तारशहनाई घोंगडीखालून वाजतेय. वरचे सूर गळून गेले होते. मग स्वतः उकलला आणि प्रायमरीचे तुकडे करून मधे-मधे सेकंडरीचे थर घातले, सँडविच म्हणतात तसं. कोअर तोच, तार तीच, वेढे तेवढेच. तारशहनाई उघडली. दोन गुंडाळ्या एकमेकींत जितक्या मिसळतील तितका वरचा सूर पलीकडे पोचतो, वेगळ्या ठेवल्या की तो मधेच अडतो.

म्हणून माझं सांगणं असं: ॲम्प विकणाऱ्याला व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा हे शेवटी विचारा. ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळला, कोअर केवढा, हे आधी विचारा. आणि ॲम्प उचलून बघा. हाताला हलका लागला तर मला त्याच्या खर्जाबद्दल शंका येते. सिंगल एंडेडमध्ये तर जास्तच, कारण त्यात व्हॉल्व्हचा डीसी करंट प्रायमरीतून एकाच दिशेनं वाहतो. कोअर चुंबकत्वानं भरून जाऊ नये म्हणून मधे फट ठेवावी लागते आणि ती फट ठेवली की तेवढ्याच खर्जाला लोखंड जास्त लागतं. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह उलट दिशेनं ओढतात, डीसी आपापसात कटतो. त्याच पैशात खर्ज बरा मिळतो.

तुमच्या खोलीला ३५ वॅटची गरज नाही, ८ मात्र कमी पडतील. ईएल८४ पुश-पुल बघा, १० ते १५ वॅट. ही काही नवी कल्पना नाही. मलार्ड कंपनीनं १९५४ साली फाइव्ह-टेन नावाचं सर्किट प्रसिद्ध केलं होतं, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. ईएफ८६, ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा). त्या काळात घरात गाणं ऐकायला दहा वॅट भरपूर धरायचे.

कृष्णाकाठ

सर, किती तपशिलात सांगितलंत. दोनदा वाचलं, वेढ्यांचा हिशेब वहीत करून बघितला.

दोन शंका. ईएल३४ आणि ईएल८४ मध्ये आवाजाचा फरक काय? आणि उन्हाळ्यात उकडतं का? सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

अजिंक्यतारा

ईएल३४ ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते, ईएल८४ ची १२. चार ईएल३४ आणि वर हीटर, म्हणजे खोलीत एक छोटी शेगडीच झाली. ईएल८४ चार असले तरी निभतं, पण उकडणार हे धरून चाला. आवाजाचा फरक नावावर ठरत नाही, सर्किट आणि लोखंड बघून सांगता येतो. एकच व्हॉल्व्ह पेंटोडसारखा लावा, अल्ट्रालिनिअर लावा, ट्रायोडसारखा लावा, तीन वेगळे ॲम्प ऐकल्यासारखे वाटतील.

पहिल्या ॲम्पला सेल्फ बायस (व्हॉल्व्हचा करंट आपोआप जुळवणारी मांडणी) बघा, कॅथोड बायस म्हणतात तो. व्हॉल्व्ह म्हातारा होत गेला तरी तो स्वतःला सावरून घेतो. फिक्स्ड बायसमध्ये व्हॉल्व्ह बदलला की दर वेळी मीटर लावून करंट जुळवावा लागतो. ते दुसऱ्या ॲम्पला शिका.

आता तुमच्या पोस्टमधल्या एका शब्दावर येतो, तो मला पहिल्या दिवसापासून खटकतोय. २२० व्होल्ट. तुमच्या घरी रात्री किती व्होल्टेज असतं? मीटर असेल तर चार दिवस मांडून ठेवा.

गावभाग_०१ (सांगली)

थोडं विषय सोडून, पण सांगलीकरांसाठी लिहितो. गावभागात, खणभागात किंवा नदीच्या जवळ कुणी सेकंडहँड घेत असेल तर २०१९ च्या पुरात तो ॲम्प कुठे होता ते विचारा. माझा जुना ॲम्प तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर उन्हात वाळवला, आठवड्यानं वरून कोरडा खटखटीत दिसला, लावला. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या कागदात ओल राहिली होती. मिनिटभर चालला आणि धूर आला. भिजलेला ट्रान्सफॉर्मर इन्सुलेशन टेस्टरवर तपासल्याशिवाय कधीच लावू नका. व्हॉल्व्ह मात्र चारही वाचले, काचेला पाण्याचं काय.

कृष्णाकाठ

वाईट वाटलं वाचून. पूर आमच्याकडेही चर्चेत आला की आई अजून गप्प होते.

व्होल्टेजचं मांडलं. संध्याकाळी सात वाजता २२६. रात्री अकराला २४७. रविवारी दुपारी २५१ दिसलं, मीटर चुकतोय का म्हणून शेजारच्यांचा आणून बघितला, तोही २५१.

अजिंक्यतारा

मीटर बरोबर आहे. आता त्रैराशिक मांडा. ६.३ व्होल्टचा हीटर, ट्रान्सफॉर्मर २२० ला गुंडाळलेला. तुमच्या रात्रीच्या २४७ ला हीटरवर येणार ७.०७. रविवारी ७.१९. हीटरला दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे ६.९ पर्यंत. त्या ३००बीचा फिलामेंट ५ व्होल्टचा असतो, त्यावर ५.६ जातील. हाय टेन्शनही (व्हॉल्व्हला लागणारं उंच डीसी व्होल्टेज) त्याच प्रमाणात चढतं. ३८० च्या जागी ४२५ झालं तर कंडेन्सरची नेमप्लेट वाचायला लागते. आणि तुम्ही ऐकणार कधी, तर रात्रीच आणि रविवारी.

मूळ मालकाच्या हातून तो बिनतक्रार चालला असेल. तुमच्याकडे तो व्हॉल्व्ह लवकर खाईल. २३० किंवा २४० चा टॅप (ट्रान्सफॉर्मरवर त्या व्होल्टेजची जोडणी) असलेलाच घ्या, नाहीतर चांगला स्टॅबिलायझर बजेटमध्ये धरा. जपानचा १०० व्होल्टवाला कुणी दाखवला तर हात जोडून नको म्हणा.

हळदपेठ

माझं पहिलं उत्तर मागे घेतो. एवढा विचार मी केला नव्हता. माझ्या घरचं व्होल्टेज आजच बघतो.

तंबोरा_मिरज

कृष्णाकाठ, आता वाचून पुरे. येत्या रविवारी मिरजेला या, स्पीकर गाडीत टाकून आणा. माझ्याकडे ईएल८४ पुश-पुल आहे, १२ वॅटचा, आणि एका स्नेह्यांकडून ३००बी मागून ठेवतो. दोन्ही तुमच्याच स्पीकरवर ऐकायचे. सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर घर आहे.

तुमच्या दोन आवडत्या एलपी आणा, एक विलंबित ख्यालाची, एक नाट्यसंगीताची. तिसरी चीज मी लावीन, नुसता तंबोरा. गल्लीतल्या कारागिरांकडे जवारी काढलेला माझा तंबोरा आहे, त्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घरीच केलंय. काळी एकमध्ये. ॲम्प पारखायला मला त्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. चार तास बसलो, वेळेचं भानच राहिलं नाही. पाहुणचाराबद्दल काकूंचेही आभार.

जसं घडलं तसं लिहितो. ३००बी वर विलंबित लावला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. गायकानं श्वास घेतला तो ऐकू आला. मला वाटलं, हिशेब गेले खड्ड्यात, हाच घेऊन जावा. मग त्यांनी काही न बोलता एलपीची बाजू उलटली आणि त्याच मांडणीत द्रुत लावला. आवाज तिथेच ठेवला होता. तबला चढायला लागला आणि सगळी मंडळी एकमेकांच्या अंगावर सरकल्यासारखी झाली. बायाँ गादीवर वाजतोय असं वाटलं, पेटी गळ्याला चिकटली. मग ईएल८४. गळा किंचित लांब गेला, हे कबूल करतो. पण तबला त्याच्या जागी आला, पेटी तिच्या जागी आली आणि नाट्यसंगीतात तर ऑर्गनचा तळ पहिल्यांदा ऐकू आला. हे माझेच स्पीकर आहेत यावर विश्वास बसेना.

तंबोऱ्याचं मात्र कोडं पडलंय. ३००बी वर पंचमाची तार छेडली की सूर हेलकावे खायचा, सेकंदाला तीन-चार वेळा. मी म्हटलं तार उतरलीय. ईएल८४ वर तोच पंचम स्थिर. रेकॉर्डिंग एकच. हे कसं?

तंबोरा_मिरज

मुद्दाम तिथे सांगितलं नाही, तुमच्या कानानं पकडावं म्हणून.

काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याचा मंद्र पंचम त्याचा पाऊण, म्हणजे १०४ च्या जवळ. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून गेली की तिचा उरलेला थरथराट १०० हर्ट्झचा. आता ॲम्पमध्ये १०० ची बारीकशी घरघर उरली असेल तर ती एकटी ऐकू येत नाही, शांत खोलीत कानाला सवय होऊन जाते. पण १०४ चा पंचम तिच्या शेजारी येऊन उभा राहिला की दोघांच्या फरकाइतके हेलकावे उठतात, सेकंदाला चार. तुम्ही मोजलेत ते तेच. काळी चारच्या तंबोऱ्याला तोच सूर खर्जाच्या तारेत येतो. म्हणजे बऱ्याच गाणाऱ्या मंडळींच्या पट्टीत ही घरघर कुठे ना कुठे आडवी येतेच.

३००बीमध्ये ती जास्त का, तर त्याचा फिलामेंटच (तापणारी तारच) कॅथोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचं, काम करतो. त्याला एसी दिला की थरथराट थेट सुरात उतरतो. शिवाय सिंगल एंडेडमध्ये सप्लायची घरघर कटायला समोर कुणी नसतं. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंना सारखीच येते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. चांगला बनवलेला ३००बी शांत असतो, त्याला डीसी फिलामेंट आणि मोठा चोक (थरथराट गाळणारं लोखंडी कॉइल) लागतो, म्हणजे पैसा आणि वजन. स्नेह्यांच्या ॲम्पचा हमचा (घरघर कमी करायचा) पॉट थोडा फिरवला तर अर्धी घरघर गेली, तुम्ही निघाल्यावर करून बघितलं.

आमच्या गल्लीत कारागीर जवारी काढताना घोडीवर सूत सरकवत एकेका केसाइतकं घासतात, तारेतून सगळे स्वर नीट फुटावेत म्हणून. ते काम घरघरीखाली बुजलेलं मला बघवत नाही. म्हणून एवढं लांबण लावलं.

अजिंक्यतारा

वा. चाळीस वर्षं हम काढला, पण पट्टीशी जोडून बघायचं सुचलं नव्हतं. आता माझ्या सगळ्या ॲम्पना तंबोरा ऐकवतो.

कृष्णाकाठ

ठरवलं. ईएल८४ पुश-पुल, १२ वॅट, सेल्फ बायस, मेन्सला २३० आणि २४० असे दोन टॅप. बनवणाऱ्यांशी फोनवर बोललो. प्रायमरी किती भागांत आहे विचारल्यावर ते आधी गप्प झाले आणि मग खूश होऊन पंधरा मिनिटं सांगत राहिले. ५२,००० ला ठरला. उरलेल्यातून टर्नटेबलसाठी फोनो स्टेज बघतो, माझ्या एमएम कार्ट्रिजचे (सुईच्या डोक्याचे) पाचेक मिलिव्होल्ट आधी वर आणायला हवेत.

पुस्तकांच्या कपाटात मधला कप्पा रिकामा आहे. तिथे बसेल का?

अजिंक्यतारा

कपाटात नको. वर आणि मागे मोकळी हवा लागते, पुस्तकंही वाळतील. उघड्या टेबलावर ठेवा, घरात लहान मुलं येत असतील तर जाळी काढू नका.

पहिल्या दिवसाचं नीट ऐका. आधी स्पीकरच्या तारा, त्या घट्ट, मग मेन्स. स्पीकर न लावता ॲम्प चालू करून त्यात सिग्नल सोडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते, आणि तोच बदलायला सगळ्यात महाग. स्पीकर ८ ओहमचे, तर ८ च्याच टर्मिनलवर. टॅप २४० वर ठेवा. प्लगला खरं अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. आणि तळाचं झाकण तुम्ही उघडू नका. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून बसतो. मी आजही एक हात पाठीमागे ठेवूनच हात घालतो. हीटर मोजायची हौस असेल तर बनवणाऱ्यांना सांगा, टेस्ट पॉइंट बाहेर काढून देतील.

कृष्णाकाठ

काल संध्याकाळी आला. दोघांनी मिळून वर चढवला, इतका जड आहे. टेस्ट पॉइंट त्यांनी काढून दिला होता. रात्री अकरा वाजता भिंतीत २४६, टॅप २४० वर, हीटर ६.४५.

मिरजकरांनी पाठवलेला तंबोरा लावून दिवा मालवून बसलो. पंचम हलत नाही.